बाहुलीची छाती

रुदैनाचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, की कुणावर पटकन विश्वास ठेवू नये. इर्बिद शहराच्या बाजारात ती जिऱ्याची पुडीसुद्धा उघडून हुंगल्याशिवाय घ्यायची नाही. मग नर्सिंग पास झालेल्या पोरींसाठी गल्लोगल्ली उगवलेल्या त्या सर्टिफिकेटच्या क्लासांना ही कुठली भुलणार!

पण हॉस्पिटलच्या हृदयविभागात कायमची जागा एकच होती आणि उमेदवारी करणाऱ्या दोघी, ती आणि हनादी. मुख्य सिस्टर सित्त नवाल यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "बंद पडलेलं हृदय चालू करायचा कोर्स जिने केलाय, तिचा विचार आधी." रुदैनाला ती जागा जिवापाड हवी होती. नाही मिळाली तर गावी परत जायचं आणि मामाच्या दवाखान्यात जन्मभर खोकल्याची औषधं वाटायची.

म्हणून दोघी क्लासला गेल्या. उस्ताद मुनीर चहा भुरकत शिकवत होते. सतरंजीवर प्लास्टिकची बाहुली आडवी. छाती पुरेशी खोल दाबली गेली, तरच तिच्या आतून 'टक्' असा आवाज यायला हवा होता; तो आला, की उस्ताद म्हणायचे, शाब्बास. रुदैनाने जेमतेम तळवे टेकवले, तर टक्. शेजारच्या मुलीने हसत हसत दाबलं, तरी टक्.

"ही तर हात लावायच्या आधीच बरी होतेय," रुदैना हनादीच्या कानात पुटपुटली. "नुसता कागद विकायचा धंदा आहे. चल, ऊठ."

"तू हो पुढे," हनादी म्हणाली.

रुदैना तणतणत निघून आली. हनादी सर्टिफिकेट घेऊन आली. तेव्हापासून रुदैनाने तिच्यावर डोळा ठेवला. सुई टोचताना हिचा हात कापतो का, औषध देताना ही अडखळते का, कधीतरी पितळ उघडं पडेलच.

"काय गं, तुझा कागद पेशंटशी बोलतो का?" ती विचारायची.

हनादी नुसती हसायची. त्या हसण्याचा तर रुदैनाला आणखीनच संशय यायचा.

एका दुपारी वॉर्डातले पेशंट अबू खलदून, म्हातारे टॅक्सीवाले, सूप अळणी आहे म्हणून रुदैनाला फैलावर घेत होते. बोलता बोलता गप्प झाले. मान कलली. श्वास नाही, नाडी नाही. रुदैनाने हाक मारली, पलंग सपाट केला, छातीवर हात ठेवले आणि दाबायला लागली. सगळं बरोबर चाललं होतं. फक्त तिचे हात वरच्या वरच थांबत होते. प्रत्येक वेळी ती जरासं दाबून कानोसा घेत होती.

"ऐकतेयस काय?" हनादी धावत आली. "ते वाजणार नाहीत. सरक."

हनादीने कोपर ताठ केले आणि अंगाचा सगळा भार टाकला. एक बरगडी कडकन मोडली, तरी ती थांबली नाही. डॉक्टर मशीन घेऊन आले, शॉक दिला आणि पडद्यावरची रेघ उड्या मारायला लागली.

संध्याकाळी अबू खलदून कण्हत विचारत होते, "मला बडवलं कुणी?" सित्त नवाल यांनी हनादीकडे बोट दाखवलं. "या पोरीने. आजपासून ती इथेच."

कपडे बदलायच्या खोलीत रुदैना भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. डोक्याने त्या बाहुलीवर कधीच विश्वास ठेवला नव्हता. हातांनी मात्र ठेवला होता.

"ती बाहुली मोडकी होती," हनादी आत आली तशी ती म्हणाली. "मग तू शिकलीस कुठे?"

"तिथेच. मोडकी आहे हे मलाही कळलं होतं. तू निघून गेलीस, मी भांडत बसले. शेवटी वैतागून उस्तादांनी कपाटातली धड बाहुली काढली." हनादीने बूट काढले. "तिने दोन दिवस माझा घाम काढला."

रुदैनाने डोळे पुसले. जागा तर गेली होती.

"आहे का गं ती अजून कपाटात?"

"आहे. पण आपणहून काढायचे नाहीत ते. भांडावं लागेल."