तोबारक सरांची ऱ्हस्व ईद

बरिशालच्या कॉलेजात तोबारक हुसेन यांनी उभी हयात बांगला भाषा शिकवली, आणि शिकवली म्हणजे मुख्यतः लाल शाईने शिकवली. कुणाची लग्नपत्रिका हातात पडली, की नवरानवरीची नावं वाचायच्या आधी ते चुका काढत. अशा माणसाने म्हातारपणी मातृभाषा इंग्रजी बटणांतून लिहायला शिकावी, याचं त्यांना स्वतःलाच हसू येई. पण हाताला कंप सुटला होता. आपलंच अक्षर आपल्याला वाचता येईना, तेव्हा मुलाने मागे ठेवलेला लॅपटॉप उघडावा लागला.

शिकवणी बायकोकडे होती. जेबुन्नेसा खुलन्याच्या बहिणीशी दिवसभर अशाच लिहून गप्पा मारायची.

"इंग्रजीत जसं ऐकू येतं तसं दाबा, पडद्यावर बांगला उमटते. नुसता आर म्हणजे र. शिफ्ट धरून आर म्हणजे ड़. नुसता आय ऱ्हस्व, शिफ्ट धरून दीर्घ. झालं."

"म्हणजे माझं सगळं व्याकरण आता या करंगळीच्या हातात?"

"करंगळीचं नंतर बघू. आधी चष्मा लावा."

ईदच्या सकाळी नमाजाहून आल्या आल्या सर लॅपटॉपपुढे बसले. निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकायची होती: आम्ही उभयतां सर्वांना ईदच्या शुभेच्छा देतो. तेवढं लिहीपर्यंत चहा गार झाला. ओळ गेली आणि सरांनी छाती फुगवून शेवयांची वाटी मागितली.

पहिलं उत्तर भूगोलाच्या बाईंचं आलं. "सर, आंबाडे यंदा गोड आहेत ना?"

सरांनी चष्मा पुसून आपली ओळ वाचली. करंगळी भलत्याच जागी दाबली गेली होती. 'आमरा' म्हणजे आम्ही, त्याचं 'आमड़ा', म्हणजे झाडावरचे आंबट आंबाडे, झालं होतं. उभयतां आंबाडे सर्वांना शुभेच्छा देत होते! ते इतके हसले की ठसका लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर जगलेल्या माणसाने स्वतःला झाडावर लटकवून घेतलं होतं.

मग नजर पुढे 'ईद'वर गेली आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. तिथे करंगळी दाबलीच नव्हती. ईद ऱ्हस्व झाली होती.

ऱ्हस्व की दीर्घ, यावरूनच तर सादेक आलीशी त्यांचं बोलणं तुटलं होतं. दोघे एकाच विभागात, शेजारच्या खुर्च्यांवर. परका शब्द आहे, ऱ्हस्वच हवा, असं सादेकचं म्हणणं. "उद्या बापाचं नावही आखूड करशील!" असं तोबारक सर भर स्टाफरूममध्ये बोलून गेले. त्यानंतर सादेकची बायको फरीदा वारली, तेव्हाही ते जनाज्यात मागच्या रांगेत उभे राहिले आणि तसेच परतले.

"जेबु, हे पुसायचं कसं?"

ती हात धुऊन येईपर्यंत दारावर थाप पडली. दारात पांढऱ्या पंजाबी कुडत्यातला सादेक होता, पहिल्यापेक्षा बराच वाळलेला. त्याने सरांना मिठी मारली, रीतीप्रमाणे तीनदा.

"सगळे आंबाड्यांवर हसतायत," तो बसता बसता म्हणाला. "मी पुढची ईद पाहिली. तू माझ्यासाठी एवढं करशील असं वाटलं नव्हतं, तोबारक."

शिफ्ट दाबायची राहिली, हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं. पण सादेकचे डोळे भरले होते, आणि स्वयंपाकघराच्या दारातून जेबुन्नेसा डोळे वटारून बघत होती.

"विचार केला," सर म्हणाले, "माणसाने बदलावं."

"अरे, पण मीच बदललो ना!" सादेक कपाळाला हात लावत म्हणाला. "फरीदा शेवटपर्यंत दीर्घच लिहायची. ती गेल्यावर मला ऱ्हस्व लिहवेना. हात थांबतो. तुला सांगायला यायची लाज वाटायची, इतकंच."

दोघांच्या पक्षांची अदलाबदल झाली होती.

"दीर्घ कसं चालेल?" तोबारक सर चाचरत म्हणाले. "परका शब्द आहे."

"परका? तीन पिढ्या घरात राहिलेला शब्द परका?"

"भावना वेगळ्या, नियम वेगळा!"

आणि जुंपली. सर सादेकचीच जुनी वाक्यं सादेकला ऐकवत होते, आणि ती किती बिनतोड होती हे त्यांना आता कळत होतं. शेवया दोनदा वाढून झाल्या. दुपारची अजान झाली, तेव्हा दोघांचे घसे बसले होते, आणि इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

निघताना सादेक दारात घुटमळला. "पोरगा टोरांटोत असतो. मोबाइलवर लिहिलं तरच वाचतो. हे इंग्रजी बटणांचं मला जमेल का रे?"

"न जमायला काय झालं?" तोबारक सर ऐटीत म्हणाले. "सोपं आहे अगदी. उद्या ये, मी शिकवतो."

स्वयंपाकघरात जेबुन्नेसाच्या हातून झारा खाली पडला.