मामांची भुकटी

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे मामा म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. सव्वीस वर्षं ते पॉलिमर बनवत होते. त्यांची ती पिवळी भुकटी म्हणजे एक प्रकारचा स्पंजच, फक्त छिद्रं इतकी बारीक की वायूचे दोन-चार रेणू मावले तर मावले. ती डोळ्यांना दिसत नाहीत. मी भुकटीवर एक्स-रे सोडायचे, ते कसे विखुरतात त्याचा आलेख काढायचे आणि संगणकात पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या रचून त्यांचाही आलेख काढून दोन्ही जुळतात का पाहायचे. तीन वर्षांनी जुळले. मी नाचायचीच बाकी होते. मामा म्हणाले, "तुझ्या संगणकाला आत्ता कळलं होय? माझ्या हाताला केव्हाच ठाऊक होतं."

पंधरा दिवसांत त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली.

भुकटी संपत आली होती, म्हणून आम्ही नवी करायला घेतली. मामांच्या वहीत शेवटी एवढंच होतं: 'धुतली, वाळवली.' आम्हीही धुतली, वाळवली. सात वेळा. छिद्रांची खूण सांगणारा आलेखातला उंचवटा दर वेळी भुईसपाट. छिद्रं मिटलेली. साखळ्यांमधली छिद्रं उघडी राहू शकतात, एवढं संगणक सांगायचा; ठेवायची कशी, ते नाही.

शेवटी मामांच्या घरी गेले. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते.

"मामा, धुतल्यावर तुम्ही काय करायचात?"

त्यांचे डोळे चमकले. "परवा."

"दोन दिवस ठेवायची? ओलीच?"

"परवा, परवा!"

मी लिहून घेतलं. निघताना मामी दारापाशी हळूच म्हणाल्या, "फार मनावर घेऊ नकोस गं. एवढा एकच शब्द उरलाय त्यांना. चहा हवा तरी परवा, मला हाक मारायची तरी परवा."

तरी मी भुकटी दोन दिवस ओली ठेवून पाहिली. नाहीच.

पुढच्या खेपेला फसलेली भुकटी आणि आमच्या टेबलाचे फोटो नेले. मामांनी डाव्या हातावर चिमूटभर घेतली, अंगठ्याने चोळली, नाक मुरडलं. फोटो एकेक करून बाजूला सारले. एकावर मात्र बोट आपटलं. त्यात चाळणी होती, फडकं होतं, घड्याळ होतं.

"हे? की हे? घड्याळ का, मामा?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"तू येऊन गेलीस की दोन दिवस जेवत नाहीत," मामी म्हणाल्या. "सगळं आठवतंय गं त्यांना. तेच तर वाईट आहे."

साहेब म्हणाले, "शोधनिबंधात लिहून टाक, नमुना पुन्हा बनवता आला नाही." मी लिहिलं.

मग एकदा नुसतीच भेटायला गेले. मामांनीच माझा हात ओढून घेतला. तळव्यावर बोटाने गोल फिरवलं, थांबले, दाबलं, पुन्हा फिरवलं. एखाद्या पोराला अक्षर गिरवून दाखवावं तसं, न चिडता, कितीतरी वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"समजलं, मामा," मी म्हटलं.

त्यांनी मान मागे टेकली.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. "काल पोटभर जेवले बघ! चार महिन्यांत असे जेवले नव्हते. काय सांगितलं गं त्यांनी? मलाही सांग ना."

मी फोन खांद्याशी धरून माझ्या तळव्यावर बोट गोल फिरवलं, थांबले, दाबलं; कालच्यासारखंच आजही काही कळलं नाही.