पाहुणे आले तरी माग चालू

आमच्या वडगावात एक रीत होती. होती म्हणते, कारण ती मोडली, आणि मोडणाऱ्यांत मी पयली. कुणाच्या घरी मुलीकडचे पाहुणे घर बघायला येणार असले, की अख्ख्या गल्लीनं आपापले माग बंद ठेवायचे. पाहुण्यांनी चहा घ्यायचा, चार गोष्टी बोलायच्या, शांत घर बघून निघायचं. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली की इकडं खडाखड सुरू. कुणी कुणाला सांगायला लागायचं न्हाय. आज तुझ्या पोरासाठी, उद्या माझ्या पोरासाठी. आम्हाला ते लई शहाणपणाचं वाटायचं.

मी राजेश्वरी. घरात चार पावरलूम, एक पोरगा, आणि नवरा भिंतीवर फोटोत. पोराचं नाव दिग्विजय. वय तेहतीस, बी.कॉम. झालेला, तंबाखू न्हाय, गुटखा न्हाय, सकाळी सहाला माग चालू करतो ते दिवेलागणीलाच थांबतो. अशा पोराला अकरा मुलींनी नकार दिलता. कारण दरवेळी तेच, पत्रिका जुळत न्हाय. अकरा पत्रिका ठरवून माझ्याच पोरावर रुसल्यात, हे मी कसं मानू?

बरं, तो एकटा असता तर मी गप बसले असते. समाजाच्या वधुवर मंडळाच्या वहीत तिशी ओलांडलेली बेचाळीस पोरं होती, सगळी मागावरची. बेंगळूरला कंपनीत बसणाऱ्यांची लग्नं मात्र झटक्यात जमायची. मागच्या गल्लीतल्या शामूचं एकदाचं जमलं, तर त्याची बायको विसाव्या दिवशी डोकं धरून माहेरी गेली ती गेलीच. तिनं लग्नाआधी घर बघितलंच न्हवतं. तिच्या बापानं बघितलतं, आणि त्या दिवशी अर्थात माग बंद होते.

मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव. माणूस वाईट न्हवं, पण दरवर्षी एक नवा उपाय काढायचे. एक साल मोठा हॉल घेतला. एक साल रंगीत पुस्तक छापलं. मग व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला, त्यावर सगळे एकमेकांना सुप्रभात घालायला लागले. गेल्या साली म्हणाले, पोरांचे फोटो स्टुडिओत कोट घालून काढा. स्टुडिओवाल्याकडं कोट एकच. बेचाळीस पोरं त्याच एका निळ्या कोटात, कुणाला बाही बोटांपर्यंत, कुणाला कोपरापर्यंत. मुली काय आंधळ्या हाईत?

असंच एकदा मी ओसरीत बसून त्या अकरा मुलींना शिव्या घालत होते, आणि रचना साडी न्यायला आलती. ही रचना बेळगावात मॅनेजमेंट कॉलेजला शिकवते. आईला आमच्याच मागावरची साडी लागते म्हणून वर्षातनं एकदा येते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आक्का, अकरा मुलींनी नको म्हटलं. का नको, ते त्यांना कुणी विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? नशीब."

"बेचाळीस जणांचं नशीब एकसारखं नसतं. एकाचं जमत नसेल तर त्या मुलात काहीतरी असेल. बेचाळिसांचं जमत नाही म्हणजे पद्धतीत काहीतरी आहे. तुम्ही मुलांना कोट घालताय."

मला राग आला. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा मला जो राग येतो तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत न्हाय, ही माझी खोड. दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन लावला. तिच्या स्कूटरवर मागं बसून आम्ही निघालो, नकार दिलेल्या मुलींना भेटायला. जगात अशी यात्रा कुणी काढली नसंल.

मुली आधी घाबरल्या. मग रचना त्यांच्याशी काय बोलली कुणास ठाऊक, एकेक मोकळी होत गेली. एकजण म्हणाली, तुम्ही माझ्याशी बोललाच न्हाई, माझ्या आईशी बोललासा. दुसरी म्हणाली, मागाचं घर एवढं शांत कसं, असं बाबांना वाटलं. हे लोक मुलगी येण्याआधीच काहीतरी लपवतायत, आल्यावर काय काय लपवतील? बघा म्हणजे. ज्या शांततेवर आमचा एवढा भरवसा, तिनंच आमचा घात केलता.

उचगावची मुलगी मात्र सरळ माझ्याकडं बघून बोलली. "काकू, तुम्ही माझा हात हातात घेतलासा. मला वाटलं प्रेमानं घेतला. तुम्ही माझी बोटं बघत होतासा."

खरंच बघत होते. मागाला कांड्या लागतात. कांडी म्हणजे सुताची छोटी नळी, ती मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते, संपली की दुसरी. दिवसभर कुणीतरी मशीनसमोर बसून त्या भरत राहावं लागतं, आणि आमच्यात ते कुणीतरी म्हणजे घरातली बाई. त्याला लांब आणि चपळ बोटं लागतात. सूत बोटाला कापतं ते वेगळं.

महिनाभरानं मंडळाच्या बैठकीत मी नवी पद्धत मांडली. रचनानं लिहून दिलती, पण बोलले मी. मुलीकडच्या पुरुषांनी घर बघून जायचं बंद. मुलीनं स्वतः यायचं. माग चालू असताना यायचं. आणि पयले प्रश्न तिनं विचारायचे, ते पण पाहिजे त्याला, मुलाला, सासूला, सासऱ्याला. खरं उत्तर द्यायचं.

मारुतीराव उठून उभे राहिले. "अहो वहिनी, आवाजात कुठली मुलगी हो म्हणंल? आणि ही पद्धत कुणी सांगितली? बाहेरच्या बाईनं आपल्या समाजाला शिकवायचं?"

"आपल्या आतल्यांनी दहा वर्षं शिकवलं, बेचाळीस घरात बसलेत," मी म्हटलं. "तुमचा स्वतःचा पुतण्या छत्तीसचा हाय. त्याला अजून एक कोट घालायचा व्हय?"

मागं बसलेल्या बायका हसल्या. मत घेतलं तर पुरुष निम्मे इकडं निम्मे तिकडं, पण आया झाडून सगळ्या माझ्या बाजूनं. ठराव झाला. मग मारुतीरावांनी गोड आवाजात विचारलं, सुरुवात कुणाच्या घरापासनं करायची, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आता पाय मागं घेता येत न्हवता. बारावा नकार आला असता तर दिग्विजयनं पुढं मुलगी बघायचंच सोडून दिलं असतं. तसं तो म्हणालाच होता.

मुलगी संकेश्वरची, पूर्णिमा. एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करती. एकोणतीस वर्षांची, चष्मा, बोलणं मोजकं. वडील बरोबर आलते. मारुतीराव मंडळाच्या वतीनं येऊन कोपऱ्यात बसलेले, चुकीचं काय व्हतंय ते बघायला. आत चार माग चालू, शेजारी सहा, पलीकडं आठ. समोर ठेवलेल्या कपातला चहा थरथरत होता.

पूर्णिमाच्या वडलांना सवय न्हाय, ते दर वाक्याला कानाला हात लावायचे. ती मात्र उठून आत गेली, मागाच्या मधनं चक्कर मारली, दिग्विजयला काय काय विचारलं. दोघं तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत होते आणि मधेच हसत होते. माझ्या पोराला कुठल्या मुलीबरोबर हसताना मी पयल्यांदा बघितलं. देवा, ही हो म्हणू दे, एवढंच मनात.

मग ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. "काकू, कांड्या कोण भरतं?"

"मी."

"किती वर्षं झाली?"

"पस्तीस."

"आणि मी आल्यावर?"

उत्तर मी पाठ करून ठेवलतं. तुझी नोकरी तू कर बाळ, आम्ही जुन्या विचाराचे न्हाई, असं. दिग्विजय दारात उभा होता, मारुतीराव मान हलवून मला खुणावत होते, बोला बोला. आणि माझ्या तोंडातनं ते वाक्य निघंना. ठराव माझा, खरं बोलायचं कलम माझं. आणि एवढ्या चांगल्या मुलीला मी पयल्याच दिवशी फसवायचं?

मी म्हटलं, "माझ्या सासूनं लग्नाच्या पाचव्या दिवशी मला त्या मशीनवर बसवलं आणि ती उठली. त्या दिवसापास्नं मी एकाच गोष्टीची वाट बघतेय. सून यील आणि मी उठीन."

"काय म्हणाल्या?" तिच्या वडलांनी कानाला हात लावला.

आता ही गोष्ट माणूस आयुष्यात एकदा बोलतो, ती पण हळू. मला ती दुसऱ्यांदा बोलावी लागली, आणि अठरा मागांच्या वर आवाज काढून. "मला सून न्हवती पाहिजे," मी ओरडून सांगितलं. "मला माझ्या जागी बसणारी पाहिजे होती. बाराही मुलींची मी बोटंच बघितली."

शेजारीण खिडकीत आलती. मारुतीरावांनी कपाळाला हात लावला. पूर्णिमाचे वडील चष्मा खिशात ठेवून उठायला लागले, आणि मला वाटलं संपलं. मीच घालवलं माझ्या पोराचं. एवढी चीड आली माझी मला, की रडू पण यीना.

पूर्णिमा उठली न्हाई. ती म्हणाली, "मग उठायला सून कशाला पाहिजे, काकू? उठायचं तर उठा की."

"मी उठले तर भरणार कोण?"

तिनं दारात उभ्या असलेल्या दिग्विजयकडं बघितलं. नुसतं बघितलं. पोरगा लाल झाला. एवढा चार माग चालवणारा, धोटा तुटला तर डोळे झाकून बसवणारा, पण कांडीच्या मशीनला त्यानं कधी हात लावलेला न्हवता. त्याच्या बापानं न्हाय, आज्यानं न्हाय. ते बायकांचं.

"मला येत न्हाय," तो म्हणाला.

"शिकायला किती दिवस लागतात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "महिना. हाताला वेग यायला दोन."

"शिकून झालं की मला फोन करा," पूर्णिमा म्हणाली आणि वडलांना घेऊन निघाली. जाताना नमस्कार केला. हो न्हाय, नको न्हाय. मारुतीराव म्हणाले, वहिनी, ह्याला तुमच्या मॅनेजमेंटमध्ये काय म्हणतात? मी म्हटलं, चहा संपवा आणि जावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्विजय माग चालू ठेवून मधल्या वेळात कांडीच्या मशीनसमोरच्या स्टुलावर जाऊन बसला. पयला आठवडा काय सांगू. सूत तुटायचं, गुंता व्हायचा, कांड्या वाकड्यातिकड्या, माग कांडीसाठी थांबून राहायचे. मला सारखं वाटायचं, सरक तिकडं, मीच करते. दोनदा तसं म्हणाले पण. तो म्हणाला, आई, तू बाहेर जाऊन बस. त्याच्या तर्जनीला कापलं तेव्हा त्यानं बोट तोंडात घातलं आणि बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. "तू कधी बोलली न्हाईस," म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यांच्याच आया भरत होत्या, त्यात बोलायचं काय?

गल्लीतले लोक मुद्दाम कारण काढून बघायला यायचे. पोरं चेष्टा करायची, सूनबाई बसल्या काय कामाला म्हणून. दिग्विजय म्हणायचा, व्हय, येतोस शिकायला? तिसऱ्या आठवड्यात शामू खरंच आला. कुणाला न सांगता, दुपारच्या वेळी, स्टूल ओढून शेजारी बसला. त्यानं बायकोला काय कळवलं ते मला ठाऊक न्हाय, आणि मी विचारलं पण न्हाय.

दोन महिने झाले तेव्हा दिग्विजयनं फोन लावला. मी स्वयंपाकघरात, कान सगळा बाहेर. तो म्हणाला, आता जमतंय, माग थांबत न्हाईत. मग थोडा वेळ नुसतं व्हय, व्हय. मग माझ्या हातात फोन दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतीया."

"काकू," पूर्णिमा म्हणाली, "त्यांचं सोडा. तुम्ही आता दिवसभर काय करता?"

असं मला कुणी कधी विचारलं न्हवतं. काय करते मी? भाजी आणते, मंडळाची बैठक असली तर भांडून येते. खरं सांगायचं ठरलंय म्हटल्यावर खरंच सांगितलं. "दुपारी झोपते गं," मी म्हटलं. "जेवण झालं की अंग टाकते. माग चालू असतात, तरी झोप लागते. पस्तीस वर्षांत दुपारी झोपले न्हवते." आणि बोलता बोलता मला रडू आलं, लाज पण वाटली, तरी थांबंना.

"मग मी येते," ती म्हणाली. "मी पण कधीतरी तुमच्या वयाची होणार हाय."