नऊची उपासना

"या खोलीत एकाने श्वास घ्यायचा, तर आधी दुसऱ्याने सोडायला हवा," पाळकसाहेब पुटपुटले. त्यांच्या झग्याची बाही कपाटाच्या कडीत अडकली होती. ती सोडवायला वळावं, तर कोपर मेजवालीच्या कानावर येत होतं.

"तुम्ही हलू नका, मी सोडवते," ती म्हणाली आणि पानंफुलं खुडावीत तशी अलगद बाही सोडवून दिली.

वेदीमागची ती खोली म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि उरलेल्या जागेत जमेल तेवढी माणसं. खिडकी होती, पण कोण्या उत्साही रंगाऱ्याने तिला चौकटीसकट रंग फासला होता, तेव्हापासून ती उघडत नव्हती. दार एकच, आणि तेही थेट मंडळीसमोर उघडणारं. आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायचं तर सगळ्यांच्या देखत पडावं लागे. मेजवालीला वाटे, आपल्या संसाराचा नकाशा काढायला सांगितला असता, तर असाच आला असता.

तिला सगळे मेजवाली म्हणत, कारण प्रभुभोजनाची मेज लग्नाआधीपासून तीच मांडत आली होती. मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या, आणि तो रस प्याल्यात ओतायचा. भाकरीचे तुकडे करायचे. पांढरे रुमाल धुऊन कडक इस्त्री करायची. "हिच्या हातांना एवढं काम दिलंय देवाने, की तोंडाला सुट्टीच मिळाली," असं तिची आई म्हणायची. आई कौतुकाने म्हणायची. आता त्यातलं कौतुक कधीच उडून गेलं होतं.

बाहेर माणसं जमत होती. बाकं सरकल्याचे आवाज येत होते, खोकले येत होते. तीन वर्षांनी सगळी मंडळी एका छपराखाली बसत होती, आणि कुठे बसावं हे कोणाला उमजत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मंडळी फुटली. 'फुटली' म्हणायचं नाही, असं तेव्हाच ठरलं होतं. 'वेळा वेगळ्या केल्या' म्हणायचं. अर्धे आठला येत, अर्धे दहाला. चर्च एक, किल्ली एक, पाळक एक, प्याला एक. फक्त माणसांनी एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. आठवाले निघून गेले की दहावाले येईपर्यंत चर्च रिकामं पडे, आणि त्या रिकामपणालाच सगळे शांती म्हणत.

आठवाल्यांचा वडील, म्हणजे मंडळीतला पुढारी, तिचा सख्खा दादा. घड्याळजी माणूस, बोलणं कमी, हात स्थिर. दहावाल्यांचा पुढारी तिचा नवरा. वेल्डर. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग, आणि आवाज असा, की शेजारच्या गल्लीत कोणी झोपलं असेल तर उठून बसावं.

मेजवाली दोन्हीकडे जायची. आठला मेज मांडायची, आवरायची, रुमालांना पुन्हा इस्त्री करायची, दहाला परत मांडायची. मधला वेळ ती याच खोलीत बसून काढायची. आठवाल्यांना वाटे, ही भाकर दहाला घेत असेल, नवऱ्याबरोबर. दहावाल्यांना वाटे, सकाळीच घेऊन आली असेल, भावाबरोबर. तीन वर्षं तिने मेज मांडली, पण त्या मेजेवरचा घास एकदाही तोंडात घातला नव्हता. हे तिच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

नवे पाळकसाहेब येऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी सगळा प्रकार ऐकला, दोन रविवार दोनदा उपदेश केला, आणि तिसऱ्या रविवारी जाहीर केलं: यापुढे उपासना एकच, नऊ वाजता. आठवाले म्हणाले, हे दहावाल्यांना फितूर. दहावाले म्हणाले, हे आठवाल्यांना विकले गेलेले. "दोन्ही बाजूंनी शिव्या बसतायत, म्हणजे मी मधोमध उभा आहे," अशी पाळकसाहेबांनी स्वतःची समजूत काढली. एक अट मात्र त्यांनी घातली. प्याला फिरण्याआधी दोन्ही पुढाऱ्यांनी वेदीमागच्या खोलीत यायचं, समेट करायचा, आणि पूर्वीसारखं जोडीने बाहेर पडायचं.

जोडीने, कारण इथली रीतच तशी होती. एक माणूस प्याला धरून ओळीने पुढे सरकणार; दुसरा त्याच्यामागे रुमाल घेऊन, प्रत्येकाने ओठ लावले की प्याल्याची कड पुसणार. अकरा वर्षं दादा प्यालेवाला आणि वेल्डर रुमालवाला होता. सगळ्यांचं झालं की प्यालेवाला वळणार आणि शेवटचा घोट रुमालवाल्याला देणार. त्या क्षणी सगळी मंडळी त्या दोघांकडेच बघत असे.

चर्चला पन्नास वर्षं झाली त्या रविवारी दादा वळला, मेव्हण्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि प्याला न देता मेजेवर ठेवून दिला.

वेल्डरने रुमालाची घडी घातली. ती मेजेवर ठेवली आणि मधल्या वाटेने बाहेर चालता झाला. त्याच्यामागून एकेक करत, जवळचं एक छोटं चर्च बंद पडल्यावर इकडे आलेली सगळी घरं उठली. वेल्डरही मूळचा तिकडचाच. संध्याकाळपर्यंत गोष्टीला नाव पडलं होतं: जुन्यांनी बाहेरच्यांना प्याला नाकारला. गोष्टीला एकदा नाव पडलं, की खरं काय घडलं ते कोण विचारतं?

खरं काय घडलं ते मेजवालीला ठाऊक होतं. ते याच खोलीत घडलं होतं.

त्या दिवशी पाहुण्या मंडळीने भेट म्हणून बाटलीतला खरा द्राक्षारस आणला होता. मनुकांचं गोड पाणी नव्हे, चांगला मुरलेला. पाहुणे कौतुकाने शेजारी उभे, आणि ती प्याल्यात ओतत होती. वास नाकात गेला आणि तिने बाटली सरळ केली. नवऱ्याने तसला वास घेऊन घरी यायचं सोडून चार महिने आणि सहा दिवस झाले होते. ती मनात दिवस मोजत होती. बहुधा तोही मोजत होता, दोघं एकमेकांच्या नकळत. कारण 'सोडली' असं म्हणायचं, तर आधी 'लागली होती' असं म्हणावं लागलं असतं. ते घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. घरात त्याला पित्त होतं. सोमवारी उठवत नसे ते पित्ताने, हात थरथरत ते पित्ताने, दोन कारखाने सुटले तेही पित्तानेच. मंडळीतल्या बायका तिला पित्तावरचे उपाय सांगत, इतक्या मायेने, आणि नजर चुकवून.

आता हा घोट पोटात गेला तर? तिने दादाला कोपऱ्यात ओढलं. "दादा, यांना देऊ नकोस. आणि का, ते कोणाला सांगू नकोस. यांना तर नाहीच."

"अगं, पण सगळ्यांसमोर..."

"दादा."

दादाने मान हलवली. आणि त्या हलवलेल्या मानेला तो तीन वर्षं जागला. त्याला तोंडावर गर्विष्ठ म्हटलं गेलं, पाठीमागे त्याहून वाईट. त्याच्या दुकानात दहावाल्यांची घड्याळं यायची बंद झाली. त्याने बहिणीला एकदाही विचारलं नाही, की बाई, आता तरी बोलशील का?

ती रोज बोलणार होती. रोज संध्याकाळी नवरा कारखान्यातून सरळ घरी आला, की तिला वाटे, आज नको. सरळ आलाय ना? त्या शब्दाला हात लावला आणि तो शब्दच उठून घरात आला तर? असे हजारावर दिवस गेले.

दार उघडलं. दादा आत आला, आणि पाठोपाठ वेल्डर. दार लावायला पाळकसाहेबांना पोट आत घ्यावं लागलं. मेजवाली टेबल आणि कपाट यांच्या बेचक्यात सापडली, हातात भरलेला प्याला. कोणालाही हलायचं, तर तिला धक्का लागल्याशिवाय हलता येत नव्हतं.

"सलाम, दाजी," दादा म्हणाला.

"सलाम, घड्याळजी."

पूर्वी तो त्याला दादाच म्हणायचा.

"बाहेर गीत चाललंय," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "पाच कडवी आहेत. गरज पडली तर पुन्हा म्हणतील. आपण प्रेमाने..."

"मी बोलतो," दादा म्हणाला. "मंडळीसमोर उभा राहतो. माझं चुकलं म्हणतो. क्षमा मागतो. संपलं."

"काय चुकलं?" वेल्डरने विचारलं.

"तुम्हाला प्याला दिला नाही, ते."

"का दिला नाही?"

दादाने टेबलावरच्या रुमालाची घडी सरळ केली.

"अहो, कारणात कशाला शिरायचं?" पाळकसाहेब मधे पडले. "माणूस क्षमा मागतोय..."

"पाळकसाहेब, लोखंडाला तडा गेला तर वरून रंग मारून भागत नाही. आधी घासून बघावं लागतं, तडा गेलाय कुठवर. मग जोड. नाहीतर सगळं सामान एक दिवस पायावर येतं." त्याने आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, तरी खिडकीची काच हलली. "मला माफी नको. तीन वर्षं मी रात्रंदिवस एकच गोष्ट उगाळतोय. अकरा वर्षं यांच्यामागे रुमाल धरून चाललो. कधी पुढे गेलो नाही, कधी चुकलो नाही. मग त्याच दिवशी काय दिसलं माझ्यात? ते सांगा, मी पाया पडतो तुमच्या."

बाहेर तिसरं कडवं चालू झालं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लयीत गात होत्या. आठवाले पुढे, दहावाले अर्धी ओळ मागे. पेटीवाला बिचारा मधेच कुठेतरी.

दादाने बहिणीकडे बघितलं. एकदाच. त्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. मग त्याने मान वळवली.

"ठीक आहे, दाजी. कारण हवंय ना? मी तुम्हाला आपलं मानलं नाही. बाहेरचा माणूस. पन्नास वर्षांच्या दिवशी शेवटचा घोट बाहेरच्याने घेऊ नये, असं वाटलं मला. बास? हेच बोलतो समोर."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "अहो, हे बोललात तर दहावाले आत्ता उठतील! परत कधी यायचे नाहीत."

वेल्डरने नुसता टेबलाचा काठ धरला. इतका मोठा माणूस, आणि खोलीभर पसरलेला तो एकाएकी कोपऱ्यात मावला.

"हेच वाटत होतं मला," तो म्हणाला. "पण तुमच्या तोंडून ऐकेपर्यंत म्हणत होतो, नसेल. बहीण दिलीत तेव्हा आपला होतो ना, दादा?"

तीन वर्षांत पहिल्यांदा 'दादा' म्हणाला, आणि तेही अशा वेळी. घड्याळजीचे स्थिर हात दादाने पाठीमागे बांधले, म्हणजे कोणाला दिसू नयेत.

"चला," वेल्डर म्हणाला. "बोला बाहेर. मी माझी माणसं घेऊन जातो. आणि ही," त्याने बायकोकडे न बघता बोट दाखवलं, "हिने ठरवावं, कुठली मेज मांडायची ते. दोन दगडांवर पाय ठेवून बाई दमली असेल."

पाचवं कडवं संपलं. पेटी थांबली. बाहेर अशी शांतता पसरली, की एका म्हाताऱ्या माणसाचं नाक वाजणंसुद्धा आत ऐकू आलं. दादाने कडीला हात घातला.

मेजवालीला एकाच वेळी दोन्ही गोष्टी दिसल्या. दार उघडलं, तर दादा देवाच्या मेजेसमोर उभा राहून तिच्यासाठी खोटं बोलणार होता, आणि त्या खोट्यावर मंडळी कायमची दुभंगणार होती. दार उघडलं नाही, तर तिला बोलावं लागणार होतं. आणि मग नवरा संध्याकाळी कारखान्यातून सरळ घरी येईल की नाही, हे तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागणार होतं.

तिने प्याला टेबलावर ठेवला. पाळकसाहेबांना खांद्याने बाजूला सारलं, भावाच्या काखेखालून वाकून पलीकडे गेली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो," दादा हळूच म्हणाला. "अगं, नको. राहू दे."

"तू गप्प बस. पुष्कळ गप्प बसलास, आता माझ्या सांगण्यावरून आणखी एकदा बस." मग तिने नवऱ्याकडे बघितलं. कोणी जेवायला वाढताना बघावं तसं, नीट, भूक किती आहे ते जोखत. "अहो, दादाने तुम्हाला बाहेरचं मानलेलं नाही. कधीच नाही. प्याला देऊ नको, असं त्याला मी सांगितलं होतं. इथे, या कोपऱ्यात. आणि कोणाला सांगू नको, असंही मीच सांगितलं."

"तू?" वेल्डरचा आवाज पहिल्यांदा खोलीपुरता निघाला. "का?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. दादाने डोळे मिटले. ते पित्त म्हणजे काय, हे तीन महिन्यांच्या पाळकालासुद्धा ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाहेर बाकांवर बसलेल्या एकूण एक माणसाला, आठवाल्यांना आणि दहावाल्यांना. मंडळीची एकी होती ती एवढ्या एकाच गोष्टीवर.

"त्या दिवशी प्याल्यात मनुकांचं पाणी नव्हतं, खरा द्राक्षारस होता," ती म्हणाली. "आणि मला भीती वाटली. कारण तुम्ही दारू पीत होता."