गुरुवारचा बाक

हिरीचं कॉलेज दोन ठिकाणी भरायचं. गुरुवार-शुक्रवार डहाणूला, एसटीने जाऊन. बाकीचे दिवस सायवनच्या वरच्या टेकाडावर, करवंदीच्या जाळीशेजारी, कारण तिच्या पाड्यात रेंज येते ती तेवढ्याच हातभर जागेत. या प्रकाराला वरच्या लोकांनी ब्लेंडेड लर्निंग असं भारदस्त नाव दिलं होतं. नाव कितीही भारी ठेवा, टेकाडावर मुंग्या चावायच्या त्या चावायच्याच.

टेकाडावरचा वर्ग म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचे गोल, एकेकात नावाचं पहिलं अक्षर. डेटा वाचावा म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद, आवाजही बंद. त्या गोलांत एक 'नि' होता. तो 'नि' म्हणजे चिंचणीची निलम हे हिरीला माहीत होतं, पण तिची निलम अशी गोलात मावणारी नव्हतीच. वसुमती मॅडम कविता शिकवत असताना बाकाखालून सुकटीचा डबा पुढे सरकवणारी, कोपराने ढोसणारी, हसू आवरेना की ओढणी तोंडात कोंबणारी ती पोरगी. गुरुवारी हिरी एसटीत बसायची ती अर्धी शिक्षणासाठी आणि अर्धी त्या कोपरासाठी. खरं सांगायचं तर कोपरासाठी थोडी जास्तच. पण त्या कोपराशेजारी बसलं की कविताही कळायची, टेकाडावर ती नुसती ऐकू यायची.

दिवाळीआधी वसुमती मॅडमनी मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. या शिक्षणपद्धतीबद्दल तुम्ही समाधानी आहात का? खाली पाच उत्तरं, हवं त्यावर बोट ठेवा.

आता पाड्यावरची रीत अशी की कुणाकडे जेवायला बसलात आणि वाढणारीने 'पोट भरलं का?' विचारलं, तर भरलं म्हणायचं. भाकरी कमी पडली असली तरी भरलंच म्हणायचं. नाहीतर वाढणारीचा अपमान होतो. हिरीच्या आईने, गंगीने, हे तिला लहानपणापासून घोटून घोटून शिकवलं होतं. आणि मॅडम तर जीव तोडून शिकवायच्या. त्यांना तोंडावर कमी पडलं म्हणायचं? हिरीने 'अत्यंत समाधानी'वर बोट ठेवलं. निलमनेही तेच केलं, तलासरीच्या पांड्यानेही, आणि वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनीच. सगळी पोरं चांगल्या वळणाची, दुसरं काय!

सुट्टी संपली आणि नोटीस आली. विद्यार्थी अत्यंत समाधानी असल्यामुळे यापुढे सगळेच वर्ग ऑनलाइन.

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी हिरीने सवयीने तेल लावून वेणी घातली.

"आज कुठं निघालीस?" गंगीने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"कुठं नाय."

पाड्याखालून एसटी गेल्याचा आवाज आला तसं हिरीला रडूच फुटलं. मोबाइल उचलून ती टेकाडावर गेली. एकदा तिने निलमला फोनही लावून पाहिला. कशी आहेस, बरी आहे, तू कशी, मीपण बरी. यापुढे गाडी सरकेना. दोघींना शेजारी बसायची सवय, बोलायची अशी नव्हतीच. फोन ठेवल्यावर हिरीला निलमची आठवण आधीपेक्षा जास्त यायला लागली.

मग एक दिवस तास संपवताना मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "समजलं ना सगळ्यांना? आजच्यापुरतं पुरे ना?"

'येस मॅडम', 'येस मॅडम' अशी रांग लागली. हिरीनेही 'येस' लिहिलं आणि तिचं बोट अडलं. दुसऱ्याच्या घरून अर्धपोटी उठलं तर आपल्या घरी येऊन भाकरी खाता येते. इथून उठून ती जेवायला कुठे जाणार होती? तिने लिहिलेलं पुसलं आणि आवाज सुरू केला.

"मॅडम, मी हिरी बोलते. पुरे नाय."

"काय समजलं नाही, हिरी? पुन्हा सांगते ना मी."

"तुम्ही चांगलंच शिकवता, मॅडम. पन मला वर्ग पायजे. बाकावर बसायचंय मला." ती थेट मोबाइलशी तोंड नेऊन म्हणाली. "फॉर्मात मी खोटं लिवलं. तुम्हाला वाईट वाटंल म्हनून."

रेंज जाऊ नये म्हणून हिरीने मोबाइल उंच धरला.

"अगं, त्याच फॉर्मवर ठरलं गं सगळं," मॅडम म्हणाल्या. "मी विचारून बघते पुन्हा. पण एकटीच्या सांगण्यावर काय होणार?"

तेवढ्यात 'नि'च्या गोलाची कड उजळली. आधी वारा ऐकू आला, मग मासे विकणाऱ्या बायकांचा गलका, आणि त्याच्या वर तो आवाज.

"मॅडम, मीपण खोटंच लिहिलं. हिरे, ऐकतेस ना गं? डबा अजून दोघींचाच भरते मी."

हिरीचं कोपर आपसूक बाजूला सरकलं, ढोसायला. तिथे करवंदीचा काटा होता. तो चांगलाच टोचला, तरी तिने कोपर तिथेच राहू दिलं.