तीनशेवा मुडदा

तीनशेवी कादंबरी शुक्रवारपर्यंत प्रकाशकाच्या हाती पडली, तर कव्हरवर स्वतःचं नाव छापून मिळणार होतं. कसाईकाकांचा फायदा एवढाच, पण त्यासाठी ते पंचवीस वर्षं थांबले होते. तोवरची सगळी पुस्तकं प्रकाशकाने ठरवलेल्या भलत्याच नावावर निघाली. त्या नावाला वाचकांची पत्रं येत, एकदोन लग्नाच्या मागण्याही आल्या, आणि उत्तरं द्यायला काका.

कसाईकाका हे छापखान्याने दिलेलं नाव. दर महिन्याला खुनाची एक कादंबरी, म्हणजे एक मुडदा, पोचता करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

मुडदा खरा वाटावा म्हणून काकांची एक रीत होती. मरणाऱ्या पात्राला ओळखीतल्या एखाद्या माणसाची लकब द्यायची आणि ती पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून वहीत टिपून ठेवायची. 'एकतिसावी. दूधवाला. डावा पाय ओढतो. विहिरीत.' ते पुस्तक छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी दारातल्या दूधवाल्याला विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

दूधवाला हसला. पुढच्या पुस्तकातला शिंपी हसला नाही. मेव्हण्याने तर येणंच सोडलं. कागदावर मारलेला माणूस काकांच्या डोक्यातून पुसला जात होता. ते आधी ओळखलं बायकोने.

"माझ्या वाटेला जाऊ नका हं," ती म्हणायची. "ताट वाढल्यावर 'आपण कोण बाई' असं ऐकायचं नाहीये मला."

पुढे ती इस्पितळात होती, प्रकाशकाचा तगादा चालू होता, आणि सुचत काहीच नव्हतं. मग तिचीच लकब आठवली: घरी दाराची कडी लावली की ती दोनदा ओढून बघायची. दोनशे बाराव्या कादंबरीतली बाईही कडी दोनदा ओढते. खुनी मात्र आधीच आत असतो. सात आवृत्त्या संपल्या. पुस्तक आलं त्याच आठवड्यात बायको गेली, आणि घरात जमलेली माणसं पाहून काकांनी लेकीला हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

तेव्हापासून दुपारी तीनला कडी दोनदा वाजते. काका दार उघडतात. बाहेर कोणी नसतं. मग वहीत बघतात: 'बायको.' म्हणजे होती तर.

आता वहीत सगळी ओळखीची माणसं संपली होती. उरली लेक. समोरच्या टेबलावर बसून ती प्रुफं तपासायची, आणि पान संपलं की बारीक आवाजात "हं" म्हणायची.

प्रकाशकाचा फोन आला. "काका, मुडदा कुठाय? मशीन खोळंबलंय."

"शोधतोय."

"शोधताय काय? घरात कोणी नाही का?" प्रकाशक स्वतःच्या विनोदावर खो खो हसला.

काकांनी वही ओढली. 'तीनशेवी. लेक. पान संपलं की हं.' शाई वाळायच्या आत कडी दोनदा वाजली. लेकीने मान वर करून दाराकडे पाहिलं.

"बाबा, कोणी आलंय का?"

काकांनी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मी. टोपण लावण्याआधी निबेवर फुंकर.' आणि तशी फुंकर मारली.

शुक्रवार पाळला गेला. पुस्तक आलं. लेकीने ते त्यांच्या हातात ठेवलं. काकांनी कव्हरवरचं नाव अक्षर अक्षर वाचलं.

"भारदस्त आहे नाव. कोण हा?"

"बाबा, थट्टा पुरे."

"थट्टा नाही गं. तू माझी लेक, हे मला पक्कं ठाऊक आहे." त्यांनी कव्हरवरून पुन्हा बोट फिरवलं. "पण मी कोण?"

त्या दुपारी लेकीने वही पहिल्यापासून वाचली. शेवटचं पान संपलं, तरी "हं" निघालं नाही.

आता पत्रं खऱ्या नावाला येतात, आणि उत्तरं ती देते. रोज सकाळी बाबांना त्यांचं नाव सांगते. तिन्हीसांजेपर्यंत ते पुसलेलं असतं. नाव मिळालं कव्हरला. आवृत्त्या मिळाल्या प्रकाशकाला. त्या खोडलेल्या ओळीची किंमत बापाने एकदाच चुकती केली, लेक रोज करते.