बोटाचा चिमटा

तोरगाईरचं अर्धं आयुष्य ऑक्सिजनचे आकडे बघण्यात गेलं होतं. खाडीतल्या जाळ्यात त्याने पाळलेले लाखभर सॅल्मन मासे असायचे. पडद्यावरचा आकडा घसरला की ऑक्सिजनचा नळ सोडायचा, मासे वाचायचे. इतकं सोपं.

आज इस्पितळातल्या तशाच एका पडद्याखाली त्याची पाच वर्षांची लेक ईडुन निजली होती. टॉन्सिल काढून तिला नुकतंच बाहेर आणलं होतं, भूल अजून पुरती उतरली नव्हती. तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता आणि तोरगाईरने तोच हात मुठीत घट्ट धरला होता.

सत्त्याण्णव. त्र्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. यंत्र कोकलायला लागलं.

तोरगाईरचा दुसरा हात आपसूक भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळाकडे गेला.

"हात मागे घे!" नर्स गुनवोर कडाडली. "ही काय तुझी माशांची जाळी आहे?"

"अगं, पण आकडा…"

"आकडा काय बघतोस, पोरीला बघ!" गुनवोरने ईडुनचे ओठ पाहिले, छातीवर तळवा ठेवला. ओठ गुलाबी होते, श्वास संथ. मग तिची नजर त्याच्या मुठीवर गेली.

"सोड तिला."

"काय?"

"चिमटा आवळून धरलायस, अरे. बोटात रक्तच पोचत नाहीये, यंत्र काय कपाळ मोजणार? सोड."

त्याला करता येण्याजोगी तेवढी एकच गोष्ट होती. त्याने हात सोडला.

आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. तोरगाईर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिला. समोर ईडुनचा हात झोपेतच चादरीवर चाचपडत होता.